म्यानमार आणि भारताचं मत: एक खुलासा

पंचवटीतल्या आमच्या ग्रुपवर दोन दिवस एक मेसेज फिरतोय: ‘संयुक्त राष्ट्रांत भारताने म्यानमारच्या लष्कराच्या बाजूने मत दिलं.’ हे चूक आहे.

१८ जून २०२१ ला आमसभेत ठराव आला. म्यानमारच्या लष्कराने केलेल्या सत्तापालटाचा निषेध, अटकेतल्यांची सुटका आणि म्यानमारकडे जाणारी शस्त्रं रोखण्याचं आवाहन त्यात होतं. बाजूने ११९ मतं, तटस्थ ३६, विरोधात फक्त १, आणि ते बेलारूसचं. भारत तटस्थांमध्ये होता. शेजारी देशांशी नीट सल्लामसलत न करता घाईने ठराव मांडला, आमचं म्हणणं मसुद्यात आलं नाही, अशी भारताची भूमिका होती. डिसेंबर २०२२ मध्ये सुरक्षा परिषदेत म्यानमारवर ठराव आला, तेव्हाही चीन आणि रशियासोबत भारत तटस्थच राहिला.

यामागे १,६४३ किलोमीटरची सीमा आहे. पलीकडचे निर्वासित मिझोराम, मणिपूरमध्ये येतात. शिवाय तूर-उडीद. २०२१ मध्ये वर्षाला अडीच लाख टन उडीद आणि एक लाख टन तूर तिथून आणण्याचा करार झाला. आपल्याकडच्या डाळ व्यापाऱ्यांना याचं महत्त्व सांगायला नको.

तटस्थ राहणं मलाही पटलेलं नाही. २७ मार्च २०२१ च्या म्यानमारच्या लष्करी संचलनाला आपला प्रतिनिधी गेला होता, तेव्हाही वाईट वाटलं. टीका जरूर करा, पण न दिलेलं मत भारताच्या नावावर घालू नका. ज्यांनी हा मेसेज पुढे पाठवला, त्यांनी कृपया हा खुलासाही त्याच ग्रुपवर टाकावा.