ओटा फुटला आणि गाव दिसलं

"आठ दिवसांत ओटा तुमच्या ताब्यात," असं कंत्राटदार म्हणाला. हे आठ दिवस माणसांचे की ब्रह्मदेवाचे, एवढं तेव्हाच विचारायला हवं होतं. आषाढी एकादशी झाली, त्यानंतरच्या सोमवारी दोन मुलं हातोडे घेऊन आली आणि दुपारपर्यंत माझं स्वयंपाकघर खणलेल्या रस्त्यासारखं दिसायला लागलं. शेगडी बाल्कनीत गेली. तिथे पाऊस तिरका येतो. चहा तेवढा होत होता, तोही एका हातात छत्री धरून.

मी एकवीस वर्षं डोंबिवलीत राहते. कोणी विचारलं तर अभिमानाने सांगते. पण खरं सांगायचं तर मला ठाऊक असलेली डोंबिवली म्हणजे घर ते रिक्षाची रांग आणि रांग ते प्लॅटफॉर्म. सीएसएमटीपर्यंतच्या 48 किलोमीटरमधला एकेक खांब मी डोळे मिटून सांगेन. आमच्या गल्लीच्या दुसऱ्या टोकाला काय आहे ते मात्र कधी बघितलं नव्हतं, कारण स्टेशन त्या टोकाला नाही.

तर आता बाहेर खायचं होतं. चार माणसं. मुलगा काहीही खातो. नवरा मूळचा दादरचा, त्यामुळे खाण्यापेक्षा त्याचा तुलनेवर भर. आणि सासूबाई, वय अठ्ठ्याहत्तर, चातुर्मास कडक. कांदेनवमीला भजी आणि थालीपीठं करून कांद्याला रीतसर निरोप दिलेला. आता कार्तिकापर्यंत कांदा नाही, लसूण नाही, वांगं नाही. 'बाहेरचं'सुद्धा नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. पण बाल्कनीत छत्रीखाली केलेला वरणभात दोन दिवस खाल्ल्यावर त्या म्हणाल्या, "बघा बाई कुठे काही मिळतंय का. माझं काय, मी केळं खाईन."

सासूबाईंनी 'माझं काय' म्हटलं की प्रश्न फक्त त्यांचाच असतो.

सोसायटीच्या ग्रुपवर मी निरागसपणे विचारलं, "जवळपास चांगलं काय मिळतं?" तासाभरात त्रेचाळीस उत्तरं आली. त्यांतली अकरा मिसळीबद्दल होती आणि एकमेकांशी भांडत होती. कोल्हापूरचे काका म्हणाले, ज्याला कट म्हणतात ते इथे कोणाला जमत नाही, आणि मिसळ खायची ती ब्रेडबरोबर. पुण्याच्या वहिनी म्हणाल्या, खाली पोहे नसतील तर ती मिसळ कसली. नाशिकवाल्यांनी शेजारी भाजलेला पापड हवाच असं बजावलं. मला पत्ता कोणीच दिला नव्हता.

ज्यांनी दिला, त्यांच्या पत्त्याने आणखी घोळ झाला. "पूर्वी चक्की होती ना, तिच्या समोर." चक्की मी आयुष्यात पाहिलेली नाही. "जुन्या बँकेच्या खाली." बँक आठ वर्षांपूर्वी हलली म्हणे. "पाटी नाहीये, पण कोणालाही विचार." मी कोणालाही विचारलं. त्या कोणालाही माहीत नव्हतं. आमच्याकडे खाण्याची जागा नकाशावर नसतेच, ती कोणाच्या तरी आठवणीत असते. आणि ती आठवण निम्म्या वेळा पश्चिमेची निघते, म्हणजे पूल ओलांडून जायचं. पूर्वेचा माणूस पश्चिमेला जातो तो लग्नाला किंवा दाढ काढायला. मिसळीसाठी पूल चढणं आमच्या संस्कारात नाही.

पहिल्या दिवशी वडापाव आणला. नवऱ्याने पुडी उघडायच्या आधीच व्याख्यान उघडलं. 1966 साली दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्यांनी वडापाव सुरू केला असं मानतात, आणि हे सांगताना नवऱ्याच्या चेहऱ्यावर असा भाव असतो की कढईखालचा जाळ यानेच घातला होता. तो तेव्हा जन्मलाही नव्हता. दोन वडापाव खाऊन झाल्यावर त्याने "दादरची सर नाही" असा निकाल दिला आणि तिसरा उचलला.

सासूबाईंना वडा चालणार नव्हता, कारण सारणात लसूण. "लसणीशिवाय मिळेल का?" असं मी गाडीवर विचारलं होतं. त्या माणसाने माझ्याकडे अशा करुणेने पाहिलं की मीच एक जास्तीचा वडा घेऊन निघाले.

मग मुलाने युक्ती काढली, "आजीसाठी जैन मागवू." वाटलं, सुटलो. पण जैन म्हटलं की कांदा-लसणाबरोबर बटाटाही जातो, आणि सासूबाईंचा बटाट्याशी काही वाद नाही, उलट जीव आहे. म्हणजे कांद्यासकट बटाटा किंवा बटाट्याशिवाय निष्कांदा, यांतलं एक काहीतरी निवडायचं. मधला रस्ता कुठल्याही मेन्यूवर छापलेला नाही. जैन पावभाजी आली. सासूबाईंनी एक घास घेतला, डोळे मिटले, सावकाश चावला. "कच्ची केळी आहेत," त्या म्हणाल्या. "मघाशी मी केळं खाईन म्हटलं होतं, ते यांनी मनावर घेतलेलं दिसतंय."

मोठ्या रस्त्यावरच्या एसी हॉटेलात रविवारी गेलो. पाटीवर साऊथ इंडियन, पंजाबी, चायनीज, पावभाजी आणि ज्यूस असा सगळा भारत अधिक चीन. पंजाबी पानावर चौऱ्याऐंशी भाज्या होत्या. मी तीन मागवल्या आणि तिन्ही एकाच रंगाच्या आल्या. नंतर आमच्या ऑफिसातल्या एकाने, ज्याचा मेहुणा हॉटेलात आहे, रहस्य सांगितलं. आत लाल, पांढरी आणि पिवळी अशा तीन ग्रेव्ह्या सकाळीच शिजवून ठेवलेल्या असतात, बाकी सगळं नामकरण. आम्ही तिन्ही भाज्या लाल कुळातल्या मागवल्या होत्या. लालमध्ये कांदा असतोच. सासूबाईंनी इडली घेतली. सांबारात कांदा दिसल्यावर चटणीशी खाल्ली. बिल येईपर्यंत बडीशेपही खाल्ली, दोनदा.

त्यानंतरच्या एकादशीला मात्र बाजी पलटली. फडके रोडच्या बाजूला 'उपवासाचे पदार्थ मिळतील' अशी पाटी दिसली आणि सासूबाईंच्या चालीत फरक पडला. खिचडी आली, वाफाळती, मोकळी, दाणा दाण्याला न चिकटलेली. त्यांनी समाधानाने सांगितलं, "बघ, हे आपलं. परक्याचं काही नाही यात."

गप्प बसायला हवं होतं. पण मी म्हटलं, "आई, साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला. बटाटा तिथलाच, शेंगदाणा तिथलाच. मिरचीही अमेरिकेतूनच आली, पोर्तुगिजांबरोबर. तूप काय ते आपलं."

त्या दोन मिनिटं काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे तिकडेही एकादशी करत असणार."

आठ दिवसांचे अठरा झाले. कंत्राटदार फोनवर "उद्या नक्की" म्हणायचा, आणि त्याच्या आवाजामागे दुसऱ्या कोणाचा तरी ओटा फुटत असायचा. आमच्याकडे ग्रॅनाइट आलं होतं, टाइल्स निम्म्या लागल्या होत्या. सासूबाई दुपारभर खुर्ची टाकून कारागिरांवर नजर ठेवून बसायच्या. मला वाटायचं, वेळ जात नाही बिचाऱ्यांचा.

आणि मग गल्लीच्या त्या दुसऱ्या टोकाला, जिथे मी एकवीस वर्षांत गेले नव्हते, पोळी-भाजी केंद्र सापडलं. पाटी होती, पण ती 'रेनकोट रिपेअर'च्या मागे लपलेली. संध्याकाळी साडेसातला तिथे स्टेशनवरून थेट आलेल्या बायकांची रांग. खांद्याला पर्स, हातात डबा, चेहऱ्यावर लोकलमध्ये चौथी सीट मिळालेल्याचा थकवा. यातल्या चार जणी माझ्याच डब्यातल्या निघाल्या. "अगं, तू इथे कधी दिसली नाहीस?" एकीने विचारलं, जणू मी शाखा बुडवली होती. इतकी वर्षं मला वाटायचं, या घरी जाऊन पोळ्या लाटतात, आणि त्यांना बघून मी लाटत होते.

काउंटरवरच्या काकूंना मी घाबरत विचारलं, "कांदा-लसणाशिवाय काही..."

"चातुर्मास ना? आमच्याकडे चार महिने एक भाजी तशीच असते. आज दुधी चणाडाळ, उद्या लाल भोपळा. गुरुवारी अळूचं फदफदं, पण ते लवकर संपतं. आधी सांगून ठेवा."

गुरुवारी मी सांगून ठेवलं. सासूबाईंनी वाटी पुढे ओढली. दाणे, चणाडाळ, मुळ्याचे तुकडे, चिंच, गूळ. वाटी संपली. परत भरली. परत संपली. पानात काही टाकायचं नाही म्हणून नव्हे, हे मला कळलं, कारण त्यांनी डावही निपटला. "माझ्या आईच्या हातचं," एवढंच म्हणाल्या. आजवर मी केलेल्या फदफद्याचा उल्लेख झाला नाही. मीही काढला नाही.

चोविसाव्या दिवशी कंत्राटदार स्वतः आला, हात जोडून. ओटा चकचकीत, नळाला पाणी, शेगडी जागेवर. बुधवार होता. मी चेक लिहायला पेन उघडलं, तेवढ्यात मागून आवाज आला.

"ती खिडकीखालची तिसरी टाइल वाकडी आहे."

तो वाकून बघायला लागला. मीही वाकले. होती खरी, दोरा धरला तर कळेल इतपत.

"कधी बघितलीत आई?"

"लावली त्याच दिवशी," सासूबाई म्हणाल्या. "काढायला घ्या, पण उद्या धूळ होईल. सूनबाई, त्या काकूंना फोन कर. दोन वाट्या सांग."