‘अंकलजी, तुम्हाला जमत नाही’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या आठवड्यात गाडीतल्या एसीवर आणि त्या स्क्रीनच्या वैतागावर (एसीची बटणं स्क्रीनच्या आत गेल्यामुळे चालवताना रस्त्यावरची नजर काढावी लागते यावर) जो लेख टाकला होता, त्याच्याखाली ‘गाडीवेडा ०९’ या नावानं एक प्रतिक्रिया आलीये. बाकीच्यांनी छान लिहिलं, त्यांचे आभार, त्यांना उत्तरं द्यायची राहिलीत ती देईनच, पण आधी ही, कारण दोन दिवस डोक्यातून जात नाहीये. जशीच्या तशी देतो, म्हणजे मी सोयीचं तेवढं उचललं असं कोणी म्हणायला नको:

“अंकलजी, तुम्हाला टचस्क्रीन जमत नाही यात स्क्रीनचा दोष नाही. स्टीअरिंगवर बटणं असतात, व्हॉइस कमांड असते, ऑटो मोड असतो, एकदा सेट केलं की हात लावायची गरजच नाही. आणि ‘रिसर्क्युलेशन चालूच ठेवा’ हा सल्ला चुकीचा आणि डेंजरस आहे. अर्धवट माहितीवर लेख लिहू नका.”

पहिलं म्हणजे अंकलजी. इंदूरात भाजीवाला अंकलजी म्हणतो, सराफ्यातला पार्किंगवाला म्हणतो, त्याचं मला काही वाटत नाही, ती हिंदीत बोलणारी माणसं आहेत. तुम्ही तर मराठीत लिहिताय, बरं लिहिताय, मग काका म्हणा की. मराठी वाक्यात ‘अंकलजी’ घुसवलं की ते नातं राहत नाही, टोमणा होतो, आणि तुम्हाला ते माहीत आहे म्हणूनच तुम्ही ते घुसवलंय. शिवाय नाव नाही. ०९ वरून इंदूरचेच दिसता (बाहेरच्या वाचकांसाठी, इथल्या गाड्यांचा नंबर एमपी ०९ नं सुरू होतो), म्हणजे लोकमान्यनगरच्या गणपतीत आपण शेजारी उभं राहून आरती म्हटलेली असायचीही शक्यता आहे. तिथे तोंडावर असं बोलला असता का?

असो. आता ते “जमत नाही”.

भिया, मी पीथमपुरात कंट्रोल पॅनल बनवणाऱ्या कारखान्यात बावीस वर्षं काढलीत. टचस्क्रीन म्हणजे काय हे मला तुमच्या फोनमधून कळलेलं नाही. मशीनच्या दारावर स्क्रीन बसवणं, तिची वायरिंग, कुठल्या पानावर कुठलं बटण हे ऑपरेटरला विचारून ठरवणं, हे मी हातानं केलंय, आणि ते सुद्धा अशा काळात जेव्हा इथे बहुतेकांच्या खिशात बटणांचा फोन होता. तर जमण्या-न जमण्याचा विषय कृपया काढू नका.

आणि त्याच कामात एक गोष्ट शिकलो, जी लेखात लिहायची राहिली. मशीनवर कितीही भारी स्क्रीन लावा, इमर्जन्सी स्टॉप कधी स्क्रीनच्या आत नसतो. तो लाल, मश्रूमसारखा फुगीर, मागे पिवळी पट्टी, आणि वेगळ्या वायरनं थेट जोडलेला. का? कारण ज्या क्षणी तो लागतो त्या क्षणी माणूस पॅनलकडे बघत नसतो, त्याची नजर मशीनमध्ये अडकलेल्या गोष्टीवर असते आणि हात आपोआप जातो. तळहातानं, कोपरानं, कशानंही दाबता यायला पाहिजे. तीच गोष्ट फिरवायच्या सिलेक्टरची, ग्लव्ह्ज घातलेले असले तरी तो कुठल्या बाजूला वळलेला आहे ते बोटाला कळतं. स्क्रीन ज्याला उभं राहून, समोर बघून, निवांत आकडे भरायचेत त्याच्यासाठी. गाडी चालवणारा माणूस या दोघांपैकी कोण आहे ते तुम्हीच सांगा. म्हणजे हे वयाचं प्रकरण नाहीये, नजर कुठे पाहिजे त्याचं आहे. काच गुळगुळीत असते, तिच्यावर बोट ठेवून ‘हे पंख्याचं, हे थंडीचं’ असं पंचविशीतल्या पोरालाही कळत नाही, त्याला बघावंच लागतं.

१९९४ ला सेकंडहँड मारुती ८०० घेतली तेव्हापासून गाडी चालवतोय. तिच्यात सरकवायच्या दांड्या होत्या, आणि वर टेपरेकॉर्डर बाहेरून लावून घेतलेला, डाव्या हाताला आवाजाचं गोल बटण, उजव्या हाताला स्टेशन लावायचं. पुढे तो निघणाऱ्या पॅनलचा स्टीरिओ आला, राजवाड्याला गाडी लावली की पॅनल काढून शर्टाच्या खिशात, नाहीतर परत येईपर्यंत गायब. २००१ ला इंदूरात मिर्ची सुरू झालं, ९८.३, तेव्हा मी पलासियाच्या सिग्नलवरून वळता वळता स्टेशन लावायचो, न बघता, कारण किती फिरवल्यावर लागतं हे मनगटाला पाठ होतं. इंदूर-पुणे हा सहाशेच्या आसपास किलोमीटरचा रस्ता मी किती वेळा केलाय याची गणती नाही, सेंधव्याच्या पुढे बिजासन घाटात रात्री अडीच वाजता पावसात ट्रकांच्या मागे अडकलोय, बायको आणि दोन पोरं झोपलेली, काचेवर वाफ, आणि दांडी सरकवून वारा काचेवर घेतला तेव्हा डोळे समोरच्या ट्रकच्या लाल दिव्यावरून क्षणभरही हलले नव्हते. ही दांडी कुठल्या इंजिनियरनं काय विचार करून केली मला माहीत नाही, स्वस्त पडत होती म्हणून केली असेल. पण काम करत होती.

आता मागच्या जुलैचा भेरूघाट, जो मी लेखात लिहिला आणि जो तुम्ही बहुतेक वाचलाच नाही. ओंकारेश्वरहून येत होतो, नवी गाडी (कंपनीचं नाव नाही घेणार, सगळ्यांचं सारखंच आहे), पाऊस, चार माणसं आत, काच आतून धूसर व्हायला लागली. समोरच्या काचेचं बटण स्क्रीनवर खालच्या पट्टीत असतं. तेवढ्यात बहिणीचा फोन आला आणि फोनची खिडकी बरोबर त्या पट्टीवर येऊन बसली. आता आधी फोन कापा, मग पट्टी शोधा, मग ते पंख्याचं चित्र दाबा, आणि रस्त्यात खड्डा असल्यामुळे बोट पडतं शेजारच्या चित्रावर, मतलब सीटच्या. चाळीसच्या स्पीडला गाडी सेकंदाला अकरा मीटर जाते. मला चार-पाच सेकंद लागले असतील, म्हणजे पन्नासेक मीटर मी घाटात अर्धा आंधळा होतो. बायको ओरडली “समोर बघा!” आणि ती बरोबर होती. यात मला काय जमलं नाही? फोन कापणं? की खड्ड्यावर बोट स्थिर ठेवणं? तुम्हाला जमत असेल तर खरंच सांगा, भेरूघाटात येऊन शिकतो.

आणि समजा मी म्हाताराच, मला खरंच जमत नाही. स्वीडनमध्ये ‘वी बिलेगारे’ नावाचं गाड्यांचं मासिक आहे, त्यांनी २०२२ ला अकरा नव्या गाड्या आणि एक २००५ ची जुनी बटणवाली व्होल्वो व्ही७० घेऊन एका रिकाम्या धावपट्टीवर ११० च्या स्पीडनं चालवून बघितल्या. कामं अगदी घरगुती. सीट गरम करा, टेम्परेचर दोन डिग्री वाढवा, काचेवरची वाफ घालवायचा डीफ्रॉस्टर लावा, रेडिओ लावून अमुक स्टेशन लावा, ट्रिप मीटर शून्य करा, डॅशबोर्डचा उजेड कमी करा. व्होल्वोत सगळं दहा सेकंदांत झालं, गाडी तेवढ्यात ३०६ मीटर गेली. सगळ्यात शेवटी एमजीची मार्व्हल आर, ४४.९ सेकंद, १३७२ मीटर. सव्वा किलोमीटरच्या वर, अहो! आणि चालवणाऱ्यांना आधी गाडीची सवय करायला वेळ दिला होता. ते सगळे अंकलजी होते का?

फोक्सवॅगनचे डिझाइन प्रमुख आंद्रेआस मिंट यांनी २०२५ ला सरळ सांगितलं की आवाज, दोन्ही बाजूंचं टेम्परेचर, पंखा आणि हॅझर्ड (चारही इंडिकेटर एकदम लागतात ते) यांची खरी बटणं परत येणार आणि ही चूक परत करणार नाही. जी कंपनी स्वतः स्क्रीनच्या मागे लागली होती ती असं म्हणते. युरो एनकॅपनंही (गाड्यांच्या सुरक्षिततेला मार्क देणारी युरोपातली संस्था) २०२६ पासून पूर्ण मार्क पाहिजेत तर काही गोष्टींना खरी बटणं मागितलीयत, इंडिकेटर, हॅझर्ड, हॉर्न, वायपर, एसओएस. यादीत एसी नाही, हे मीच सांगतो, तुम्ही परत येऊन सांगायच्या आधी.

आता तुमचा रिसर्क्युलेशनचा, म्हणजे बाहेरची हवा न घेता आतलीच फिरवत ठेवायचा मुद्दा. हा मान्य. मोकळेपणानं मान्य. मी ‘चालूच ठेवा’ लिहिलं, तिथे ‘गाडी थंड झाल्यावर’ हे दोन शब्द राहिले आणि ‘सारखं नाही’ हे पण राहिलं. मे महिन्यात गाडी उन्हात तीन तास उभी असेल तर आतली हवा बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त तापलेली असते, तीच परत परत फिरवून काय उपयोग, म्हणून आधी काचा खाली, पंखा जोरात, बाहेरची हवा, दोन-तीन मिनिटं, मग काचा वर आणि रिसर्क्युलेशन. लांबच्या रस्त्याला अधूनमधून बाहेरची हवा घ्यायची, नाहीतर चार माणसांचा श्वास आतच साठतो, कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि ड्रायव्हरला जांभया यायला लागतात, ज्याचा दोष मग दाल-बाफल्यांना जातो. आणि पावसात काच आतून धूसर झाली तर रिसर्क्युलेशन बंदच, बाहेरची हवा, वारा काचेवर, एसी मात्र चालू, कारण एसी हवा नुसती थंड करत नाही, कोरडी करतो. गाडीखाली पाणी ठिबकतं ते तेच, आतल्या हवेतलं. कित्येक लोक थंडी वाजते म्हणून पावसात एसी बंद करतात आणि मग फडक्यानं काच पुसत बसतात. अहो एसी चालू ठेवून टेम्परेचर वाढवा ना, गरम हवा इंजिनच्या पाण्यातून येते, फुकट आहे. वाफ बाहेरून असेल तर उलटं, काच जास्त गार झालेली असते, वायपर मारा आणि काचेवरचा गार वारा कमी करा. आतून की बाहेरून हे बोट फिरवलं की कळतं.

तर एवढं राहिलं होतं, आता मूळ लेखात घातलंय. पण ‘डेंजरस’? दोन शब्द राहिले त्याला डेंजरस म्हणतात का? डेंजरस काय असतं ते वर भेरूघाटात लिहिलंय. आणि ‘अर्धवट माहिती’ हा शब्द तर फारच झाला. एवढी वर्षं ज्या घरात पोरांची वडलांसमोर आवाज चढवायची हिंमत झाली नाही त्या घरातला माणूस आहे मी, मला असं बोललेलं सहन होत नाही, माझा दोष असेल तो.

व्हॉइस कमांडबद्दल काय लिहायचं. आमच्या गाडीत चार मराठी माणसं एकाच वेळी बोलत असतात, त्या बाईला कोण बोलू देणार. ऑटो मोड चांगला आहे, मी तो वाईट आहे असं कुठेही म्हटलेलं नाही, परत वाचा. डॅशबोर्डवर काचेजवळ जो काळा ठिपका असतो तो ऊन मोजतो, त्याच्यावर देवाची मूर्ती ठेवली की ऑटो गोंधळतो, एवढं सांगून ठेवतो, त्यावर कधीतरी वेगळं लिहीन. स्टीअरिंगवरची बटणं म्हणाल तर माझ्या गाडीत तिथे फोनचं आणि क्रूझचं आहे, बस. एसीचं तर बहुतेक गाड्यांत तिथे काहीच नसतं. त्यामुळे तो मुद्दा मला लागूच होत नाही.

काका म्हणून एक सांगू? म्हणजे तुम्ही म्हणाला नाहीत, तरी मीच मानून घेतो आणि काकाच्या हक्कानं एकदा ‘तू’ म्हणतो. बाळा, तू गाडीवेडा आहेस, चांगलं आहे, मी पण होतो. पण दुसऱ्याच्या लेखाखाली चार ओळी खरडताना आधी तो लेख पूर्ण वाचावा. परत आलास तर नाव लिहून ये, मी उत्तर देईन. नसेल लिहायचं तर तुझी मर्जी, पुढच्या वेळी प्रतिक्रिया काढून टाकेन, याला सेन्सॉरशिप म्हणायचं असेल तर म्हण.

ता. क. हे टाकायच्या आधी भाच्याला वाचायला दिलं. तो खाली जाऊन गाडीत बसून आला आणि म्हणाला, मामा, स्टीअरिंगच्या मागच्या अंगाला, बोटं असतात तिथे, दोन्हीकडे बटणं आहेत, एका बाजूला आवाज, दुसऱ्या बाजूला स्टेशन. दीड वर्षात मला दिसली नव्हती. मागे असतात, दिसणार कशी? पण हात लावला तर लगेच सापडली, न बघता. म्हणजे मी जे वर म्हणतोय तेच. वरचा परिच्छेद बदलत नाही, झोप आलीये.