“सगळं काढलं, तर भाजता कशाला?” – एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, तुमची प्रतिक्रिया उडवून टाका असं दोघातिघांनी सुचवलं. मी ती ठेवली आहे. तोंडाच्या कॅन्सरवरच्या ‘तुकडा तपासल्याशिवाय गाठीला हात लावू देऊ नका’ या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: काकांच्या गालाचा तुकडा तपासायला काढला आणि दोन महिन्यांत गाठ दुप्पट झाली. गाठ गालात, चिरली मान. ऑपरेशनला पाच आठवडे झाले, आता म्हणतात तीस शेक (रेडिएशन) घ्या. सगळं काढलं, तर भाजता कशाला? काकांना आता जडीबुटी सुरू आहे, आणि मी दवाखान्यांचा दलाल.

दलाल असतो तर सोयाबीनचा भाव बघत बसलो नसतो. पण पुढचं खरं बोलू.

माझ्या मोठ्या भावाला खर्रा होता, तंबाखू-सुपारीचा. दिवसाला आठ-दहा पुड्या. तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडेना, तरी आम्ही ‘तिखट सोसत नाही’ एवढंच म्हणत राहिलो. गालात जखम झाली तेव्हा तालुक्याच्या एका डॉक्टरने ती तिथल्या तिथे कापून टाकली. तुकडा तपासणीला गेलाच नाही, बादलीत गेला. तीन महिन्यांत गाठ पुन्हा वर आली. नागपूरचे सर्जन वैतागले ते यासाठी, की पहिली गाठ केवढी होती, कुठवर गेली होती, हे आता कोणालाच सांगता येत नव्हतं. म्हणून तो लेख लिहिला.

तुकडा काढल्याने तोंडाचा कॅन्सर पसरत नाही. तुमच्या काकांच्या गाठीला वाढायला मिळाले ते दोन महिने. ते का गेले, तुम्हाला ठाऊक. कापूस वेचणी असेल, पैसे असतील. आमच्याकडेही हेच झालं होतं, त्यामुळे दोष देत नाही.

आता मान. तोंडाचा कॅन्सर बहुतेक वेळा आधी मानेतल्या गाठींत उतरतो, आणि सुरुवातीला त्या हाताला लागतही नाहीत. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने नेमकं हेच तपासलं. सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांपैकी काहींची मान पहिल्याच ऑपरेशनमध्ये साफ केली, काहींची मानेत गाठ दिसल्यावरच. 2015 साली निकाल छापला: तीन वर्षांनी पहिल्या गटातले 80 टक्के जिवंत होते, दुसऱ्यातले 67.5. काकांच्या मानेतल्या दोन गाठींत कॅन्सर निघाल्याचं तुम्हीच लिहिलंय. मान चिरली नसती तर त्या आतच राहिल्या असत्या.

आणि त्या दोन गाठींमुळेच शेक आले. सर्जन डोळ्याला दिसतं ते काढतो. उरलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकालाच दिसायच्या. गाठीचं आवरण फोडून कॅन्सर बाहेर आला असेल, किंवा कापलेल्या कडेला सापडला असेल, तर शेकांसोबत किमोही देतात. हे सगळं त्या रिपोर्टवर ठरतं, कोणाच्या मर्जीवर नाही.

‘शेक’ हा शब्दच दगा देतो, बाप्पा. चुलीवानी काही तापत नाही. गरम पाण्यात मऊ केलेली जाळी चेहऱ्यावर बसवून साचा घेतात, रोज तोच साचा लावून काही मिनिटं निजवतात. “मासोळीवानी वाटते,” भाऊ म्हणायचा. त्या वेळी दुखत नाही. दुखतं तिसऱ्या आठवड्यापासून: तोंड सोलतं, थुंकी आटते, वरणही झोंबतं. तेव्हा बरेच जण घरी पळतात. मागच्या लेखात मी हे लिहिलं नव्हतं, ती माझी चूक. तुमचा राग तिथे रास्त आहे. शेक महात्मा फुले योजनेत बसतात, पण सहा आठवडे नागपुरात राहायचं, खायचं, सोबतच्या माणसाची मजुरी बुडायची, ते कोणत्याच कार्डात बसत नाही.

जडीबुटीवर वाद घालत नाही. पण ती किती दिवस घेऊन बघायची, हा हिशेब काकांच्या बाबतीत उरलेला नाही. ऑपरेशननंतर शेक शक्यतो सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावे लागतात. तुमचे पाच गेले. शिवाय आधी दात दाखवायचे असतात, कारण शेक बसलेल्या जबड्यातला दात नंतर काढला तर जखम कधी कधी भरतच नाही.

दुसरीकडे न्यायचं असेल तर खुशाल न्या. फक्त जुन्या दवाखान्यातून रिपोर्टसोबत काचपट्ट्या आणि ‘ब्लॉक’ मागून घ्या. मेणात बसवलेला तो तुकडा असतो, अंगठ्याच्या नखाएवढा. सोमवारी निघत असाल तर आज रात्री मला फोन करा. भावाला सोबत पाठवतो, त्याला नागपूरच्या सगळ्या खिडक्या पाठ आहेत.