कडक चाक वाळूत रुतत नाही म्हणे!

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावाकडे निघालेल्या मंडळींच्या व्हॉट्सअॅपवर एक मेसेज फिरतोय. नदीपात्रातून गाडी न्यायची तर आधी टायरची हवा ४० पीएसआय करा, कडक चाक रुतत नाही. हवा सोडली तर टायर कामातून जातं. पटत नसेल तर ट्रॅक्टरचं टायर दाबून बघा, दगड आहे दगड. आणि डांबरी रस्त्यावर मात्र उन्हाळाभर हवा कमी ठेवा, खान्देशच्या उन्हात फुगून फुटतं. या चारांपैकी एकात थोडा जीव आहे. शेवटचा मात्र जीव घेणारा आहे.

कडक चाकच हवं असेल तर आजोबांच्या बैलगाडीचं आठवा. वरून लोखंडी धाव चढवलेली, त्याहून कडक काय असणार? ती गाडी वाळूत शिरली की बैलांच्या तोंडाला फेस यायचा.

गाडीचं वजन मुख्यतः टायरमधली हवाच पेलते. माणसं धरून गाडी १६०० किलोची, म्हणजे एका चाकावर ४०० किलो. नेहमीची ३२ पीएसआय हवा म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सव्वादोन किलो. भागाकार केला की कळतं, चाक जेमतेम पावणेदोनशे चौरस सेंटीमीटरवर टेकलंय, पोस्टकार्डाहून थोड्या मोठ्या जागेवर. हवा १६ केली की ही जागा जवळपास दुप्पट होते, तेच वजन दुप्पट वाळूवर पसरतं आणि चाक कमी रुततं. टायरच्या भिंतीही थोडा भार घेतात, त्यामुळे हिशेब अगदी काटेकोर नाही, पण ४० केल्यावर जागा आणखी घटणार हे नक्की. आणि टायर पसरतं ते रुंदीत कमी, लांबीत जास्त.

गेल्या आखाजीला गिरणेच्या पात्रात आमचीच गाडी फसली. मी रेस देत गेलो आणि चाक वाळू मागे फेकत एक्सलपर्यंत खाली गेलं. टरबुजाच्या वाडीवरचे एक बाबा आले, बघून म्हणाले, "हवा काढ ना भो पहिले." काडीने व्हॉल्व्हची पिन दाबून चारही चाकं १८ वर आणली, चाकांमागची वाळू हाताने उपसली आणि आल्या चाकोरीनेच रिव्हर्समध्ये हळू मागे घेतली. गाडी निघाली. चार-पाच बोटं टेकलेलं चाक आता जवळपास वीतभर टेकलेलं दिसत होतं.

बाबांची ही युक्ती जुनीच. राल्फ बॅग्नोल्ड नावाचा ब्रिटिश लष्करी अधिकारी १९२०-३० च्या दशकांत फोर्ड गाड्या घेऊन लिबियाचं वाळवंट पालथं घालत होता, तोही हवा सोडूनच. दुसऱ्या महायुद्धातल्या 'डक' या पाण्यात आणि जमिनीवर चालणाऱ्या अमेरिकी ट्रकात तर ड्रायव्हरला बसल्या जागी हवा कमी-जास्त करता यायची.

ट्रॅक्टरचं टायर हाताला दगड लागतं ते जाड रबरामुळे. मागच्या मोठ्या चाकात हवा साधारण १२ ते १६ पीएसआय, आपल्या गाडीच्या निम्मी. पंक्चरवाल्याला विचारा.

टायर खराब होण्याचं थोडं खरं आहे. १२-१३ च्या खाली गेलात आणि झटक्यात वळवलंत तर टायर रिमवरून उतरू शकतं. ट्यूब असेल तर टायर रिमवर सरकून व्हॉल्व्ह फाटतो. पात्रात गोटे असतील तर मऊ झालेली बाजू चिरते, शिवाय गाडी थोडी खाली बसते. म्हणून १५ ते २०, वेग कमी, वळण मोठं. वाळू उपशाच्या खड्ड्यांवर मात्र कोणतीच हवा चालत नाही. आधी उतरून पायी बघा.

आता उन्हाचं. तापमान १० अंशांनी वाढलं की हवेचा दाब साधारण दीड पीएसआयने वाढतो. पहाटे ३२ भरलेली हवा दुपारच्या ४४ अंशांत दोन-तीनने चढेल, चालल्यावर आणखी थोडी. कंपनीचा आकडा हे धरूनच थंड टायरसाठी दिलेला असतो. टायर फुटतं ते कमी हवेने. बाजू सतत दुमडते-उलगडते, रबर आतून तापतं आणि सुरत-नागपूर हायवेवर ९० च्या वेगात थर सुटतो. वाळूतून बाहेर आलात की पहिलं काम, हवा भरणं.

आमच्याकडे पंप नव्हता. जवळच्या दुकानापर्यंत २० च्या वेगाने गेलो, मागे हॉर्नची रांग. पंक्चरवाल्याने गेज लावला, आकडा बघितला आणि विचारलं, "नदीतून आले का?"