जुन्या व्हॅनच्या गिअरबॉक्सची यथासांग सेवा

१९८४ साली आलेली मारुती व्हॅन १९८८ पासून ओम्नी या नावाने ओळखली जाऊ लागली आणि २०१९ मध्ये तिचे उत्पादन बंद झाले. खान्देशात मात्र ही बातमी अजून पोहोचलेली दिसत नाही. शाळेची मुले, लग्नाचे वऱ्हाड, भुसावळ स्टेशनावर उतरलेले पाहुणे आणि हंगामात भरताच्या वांग्यांची पोती असे सारे काही ती आजही वाहते आहे. अशा गाडीचा गिअरबॉक्स अद्याप शाबूत असेल, तर मालक म्हणून आपले काहीतरी चुकत आहे असे समजावे आणि पुढील सूचनांचे मनोभावे पालन करावे.

गिअरबॉक्सला तेल लागते, ही अफवा प्रथम मनातून काढून टाकावी. इंजिनाच्या तेलाला मोजायची दांडी असते, धोक्याचा दिवा असतो. गिअरबॉक्सला यांपैकी काहीच नाही, त्या अर्थी तो स्वयंपूर्ण असला पाहिजे. त्याच्या कुशीला एक बोल्ट असतो आणि गाडी सपाट जागी उभी करून तो काढला, बोट आत घातले, की तेल भोकाच्या खालच्या कडेपर्यंत आहे की नाही हे मिनिटभरात समजते. परंतु जे मिनिटभरात समजते त्यासाठी गाडीखाली शिरून कपडे खराब करणे शहाण्या माणसाला शोभत नाही. सीलमधून थेंब गळत असतील, तर अंगणात त्या जागी एक जुने पोते टाकावे म्हणजे गळती थांबते.

तरीही एखाद्या हितशत्रूच्या सांगण्यावरून तेल बदलण्याची वेळ आलीच, तर दुकानात जीएल-४ आणि जीएल-५ असे दोन दर्जे दिसतील. पाच हा आकडा चारापेक्षा मोठा आहे, एवढे गणित पुरेसे आहे. जीएल-५ मधील गंधक आणि फॉस्फरसची वाढीव मात्रा मागच्या अ‍ॅक्सलच्या दातांसाठी असते आणि अशी काही तेले गिअरबॉक्समधील पितळी सिंक्रो रिंगांना मानवत नाहीत, कारण दोन गिअरांचे वेग जुळवण्यासाठी त्या रिंगेला थोडे घर्षणच हवे असते, हे खरे आहे. कोणते तेल घालावे हे गाडीच्या पुस्तिकेत छापलेले असते. मात्र ती पुस्तिका पहिल्या मालकाच्या कपाटात राहिली आणि आपण त्यानंतरचे कितवे, हे आरसी बुकालाच ठाऊक.

चालवताना डावा पाय क्लचवरून उचलू नये. पाय ठेवायला कंपनीने एवढी सुंदर जागा करून दिली असताना तो जमिनीवर टेकवणे हा कृतघ्नपणा होय. पायाच्या त्या हलक्या भाराने क्लच सोडवणारे रिलीज बेअरिंग अखंड फिरत राहते आणि क्लच प्लेट किंचित घसरत राहते, म्हणजे दोघांनाही व्यायाम मिळतो. तोरणमाळच्या चढावर ब्रेक न वापरता अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरणे हे तर कौशल्याचे परमशिखर. जळका वास आल्यास मागे बसलेल्यांना शेजारच्या ट्रककडे बोट दाखवावे. कन्नड घाट चाळीसगावच्या बाजूला उतरताना पेट्रोल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडावी, इंजिनाचा रोध गमावून सारा भार ब्रेकवर टाकावा आणि वळण अंगावर आले की गिअरची दांडी सर्व शक्तीनिशी दुसऱ्यात ढकलावी. तेव्हा जो कर्कश आवाज होतो, त्यातच सिंक्रो रिंगेच्या कडेचे पितळ तेलात मिसळते.

यथावकाश दोष प्रकट झाला की निदानाची घाई करू नये. गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना घरघर येते आणि क्लच दाबताच थांबते, तर संशय टॉप शाफ्टच्या, म्हणजे इंजिनाचे फेरे गिअरबॉक्समध्ये आणणाऱ्या दांड्याच्या, बेअरिंगवर जातो; उलट क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल, तर रिलीज बेअरिंगवर. एकच गिअर पडताना खरखरतो तेव्हा त्याची रिंग झिजलेली असते. पडलेला गिअर आपोआप सुटतो तेव्हा गिअरला शाफ्टशी अडकवणारे डॉगचे दात, गिअर सरकवणारा फोर्क किंवा त्याला जागेवर धरणारी गोळी-स्प्रिंग पाहावी लागते. सगळेच गिअर शोधावे लागत असतील, तर पुष्कळदा गिअरबॉक्स निर्दोष असतो आणि दांडीच्या जोडकामातील स्वस्तातले बुश तेवढे संपलेले असतात, किंवा क्लच केबल ताणलेली असते. एवढा कान दिला, तर खर्च फारच थोडक्यात आटोपतो. म्हणून निदान चहाच्या टपरीवर करावे. तेथे ‘जुनी गाडी शे भो, इतलं चालस’ असा निर्वाळा एकमताने मिळतो आणि आपण आणखी एक हंगाम निर्धास्तपणे काढू शकता.

शेवटी गिअरबॉक्स खाली उतरलाच, तर मिस्तरीला फक्त दुसऱ्या गिअरची रिंग बदलायला सांगावी. ‘भाऊ, उतरवलाच आहे तर क्लच प्लेट, बेअरिंग आणि ऑइल सीलही टाकून घेऊ,’ असे तो म्हणेल. हा आपल्याला लुबाडण्याचा डाव आहे हे ओळखून ठाम नकार द्यावा. सीलची किंमत मजुरीच्या मानाने नगण्य असते आणि सील न बदलता वाचवलेली ती रक्कम, पुढच्या महिन्यात तोच गिअरबॉक्स पुन्हा उतरवण्याच्या मजुरीत अभिमानाने भरता येते. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांकडे सरकलेला असताना पत्र्याच्या शेडमध्ये हे काम दोनदा करणारा मिस्तरी आपल्याला जन्मभर विसरत नाही.

काही महत्त्वाकांक्षी मालकांना दुरुस्तीने समाधान लाभत नाही. त्यांना पाचवा गिअर हवा असतो. २०१० मध्ये आलेल्या ईकोचा पाच गिअरांचा बॉक्स भंगारातून आणून चार गिअरांच्या जुन्या ओम्नीला जोडण्याचा विचार अवश्य करावा. घंटेच्या आकाराचे पुढचे घर इंजिनाला जुळते का, माउंटिंग कोठे येते, मागच्या चाकांकडे फेरे नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टची लांबी पुरते का, स्पीडोमीटरची केबल कोठे लावायची, हे प्रश्न बॉक्स विकत घेऊन झाल्यावर विचारण्याचे आहेत. शिवाय पाचवा गिअर म्हणजे ओव्हरड्राइव्ह. त्यात इंजिनाचे फेरे कमी होतात, तसा चाकावरचा ओढही कमी होतो. ७९६ सीसीचे आणि जेमतेम ३५ अश्वशक्तीच्या आसपासचे इंजिन, आत नऊ वऱ्हाडी, त्यात आहेराची भांडी आणि धुळ्याजवळचा लळिंगचा चढ, अशा योगावर पाचवा टाकून पाहिल्यावर आपण लगेच चौथ्यात आणि मग तिसऱ्यात याल. तरीही दांडीच्या मुठीवर पाच आकडे कोरलेले दिसतात, आणि ते मूठ नुसती बदलूनही दिसले असते, हे कोणाला सांगू नये.

एवढ्यानेही गिअरबॉक्स ऐकत नसेल, तर गाडी विकावी. पूर्वी परदेशातले लबाड विक्रेते गिअरबॉक्सची घरघर दाबण्यासाठी तेलात लाकडाचा भुसा, तर कधी केळ्याची सालेही घालत, अशी आख्यायिका मोटारींच्या दुनियेत प्रसिद्ध आहे. रावेर आणि सावद्याच्या मुलखात ही सामग्री मुबलक असल्याने हा मार्ग आपल्याला स्वस्तात पडेल. गिऱ्हाईक मात्र जिल्ह्याबाहेरचे पाहावे. आपल्याकडचा माणूस बोल्ट उघडून नुसता वास घेईल आणि घड कोणत्या शेतातला ते सांगून किंमत निम्म्यावर आणील.