खाडा

आज सकाळी लिफ्टमध्ये एक काका म्हणाले, "गोवराचं काय एवढं? आमच्या वेळी सगळ्या पोरांना व्हायचा. उशाला कडुलिंबाचा पाला ठेवला की उतरायचा." तेव्हा गप्प बसले. दिवसभर डोकं तापलंय, म्हणून इथे लिहितेय.

आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी मुंबईतल्या गोवंडीच्या. २०२२ च्या नोव्हेंबरात तिथे गोवराची साथ होती, तेव्हा त्यांचा दीड वर्षाचा नातू तापाने फणफणला. अंगभर पुरळ, मग न्यूमोनिया. एका खासगी दवाखान्याने आधी डिपॉझिट मागितलं, सुनेचं मंगळसूत्र गहाण पडलं. पुढे महापालिकेच्या रुग्णालयात खाट मिळाली. मुलगा जरीकाम करतो, पैसे नगावर. १८ दिवस कारखान्यात गेला नाही, १८ दिवस हातात काही नाही.

आणि लस? फुकट! ९ महिने पूर्ण झाले की पहिला डोस, १६ ते २४ महिन्यांत दुसरा. मग का नाही दिली? पहिल्या वेळी गावी होते. नंतर डोसच्या दिवशी कामाला खाडा पडतो म्हणून राहिली. एक खाडा वाचवला, पडले अठरा.

मान्य, लस दिल्यावर एखाद दिवस ताप येतो. पण गोवराचा एक रोगी १२ ते १८ जणांना गोवर देऊ शकतो हो! त्या साथीत मुलं दगावली. आशाताई आणि नर्स दारोदार पुरळ आलेली मुलं शोधत होत्या. त्यांची बाकीची कामं कोणी केली? त्याचा हिशेब कुठल्या वहीत लिहायचा?

काका, "सगळ्यांना व्हायचा" हे खरं. माझ्या आजीला किती मुलं विचारलं की ती म्हणायची, "जगलेली पाच."

आता जे लिहायचंय ते जड जातंय. त्या महिन्यात मावशी नातवापाशी बसल्या होत्या आणि मी त्यांचे नऊ खाडे पगारातून कापले. नियमच तसा होता आमच्या घरात. मावशी काही बोलल्या नाहीत. मंगळसूत्र पुढची दिवाळी झाल्यावर सुटलं, तोवर व्याज भरत होत्या. हे मला फार उशिरा कळलं.

तुमच्याकडे येणाऱ्या बाईच्या घरात तान्हं मूल असेल तर लसीच्या दिवशी भरपगारी सुट्टी द्या. मावशींना आता नात झालीय, ८ महिन्यांची. पुढच्या महिन्यात तिचा डोस आहे. त्या दिवशी पोळ्या मी लाटेन.