आरओचा चांगला माणूस आहे का कुणाकडे?

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हा प्रश्न टाकला की चहा उकळेपर्यंत सात नंबर येतात. पाणी शुद्ध करायच्या त्या मशीनला झालंय काय, हे एकही जण विचारत नाही. ‘डोळे झाकून बोलवा’ म्हणतात. माणूसही त्याच अपेक्षेने येतो.

म्हणून गूगलवर कस्टमर केअर शोधावं, तर तिथे वेगळीच जत्रा. वरचे निकाल जाहिरातीचे. खाली दहा आकडी मोबाइल नंबर, पाच चांदण्या आणि एकाच आठवड्यात आलेले ‘गुड सर्व्हिस’, ‘नाइस सर्व्हिस’. पलीकडचा गोड आवाज दहा रुपये रजिस्ट्रेशनची लिंक पाठवतो किंवा एखादं अ‍ॅप टाकायला सांगतो. तिथेच फोन ठेवावा. (पैसे गेलेच, तर लगेच १९३०, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन.) कंपनीचा खरा नंबर वॉरंटी कार्डावर असतो, आणि ते कार्ड कुठे ठेवलंय हे गूगललाही माहीत नसतं.

तरी मला भीती जास्त ओळखीच्यांचीच वाटते. अनोळखी माणसावर आपण संशय तरी घेतो. मैत्रीण म्हणते, ‘आमच्या माणसाने मेम्ब्रेन टाकली, तीन वर्षं बघायला नको.’ (मेम्ब्रेन म्हणजे आरओमधला क्षार अडवणारा पडदा.) तिच्याकडे पालिकेचं पाणी, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) शंभरच्या आसपास. आमच्याकडे टँकर, सातशे. तिच्या माणसाच्या कौतुकातला निम्मा वाटा खडकवासला धरणाचा आहे! खरं तर भारतीय मानकानुसार टीडीएस ५०० पर्यंत चालतो, म्हणजे तिला आरओची गरजच नाही. पण तिने नुकतंच नवीन मशीन घेतलंय, सांगणार कोण?

तेव्हा ग्रुपवर विचारायचं ते असं: पाणी कुठलं, काय बदललं, जुना पार्ट हातात दिला का? यावर उत्तर म्हणून फक्त हात जोडलेला इमोजी येतो.

माणूस येण्याआधी टीडीएस मोजायचं पेन आणा, दोन-तीनशे रुपयांत मिळतं. आत सातशे असेल तर बाहेर साधारण सत्तरच्या आत हवं. अडीचशे आलं की माणूस बॅग उघडायच्या आधीच म्हणतो, ‘मेम्ब्रेन गेली.’ थांबा. टीडीएस कंट्रोलरचा स्क्रू सैल असेल तर कच्चं पाणी शुद्ध पाण्यात मिसळतं आणि बिचारी मेम्ब्रेन बदनाम होते. स्क्रू बंद करून दहा मिनिटांनी पुन्हा मोजा. नळाला नाही, कारण टाकीत जुनंच पाणी असतं. मेम्ब्रेनमधून निघणाऱ्या शुद्ध पाण्याच्या नळीला मोजा. आकडा सत्तरच्या आत उतरला, तर मेम्ब्रेन ठणठणीत. पाणी करंगळीएवढं येत असेल तर आधी मशीनबाहेरची, गाळ अडवणारी कँडल उघडा. ती चहाच्या रंगाची झालेली असते आणि मेम्ब्रेनपेक्षा कितीतरी स्वस्त असते.

एवढं सगळं लिहून पाठवलं, तर त्याच मैत्रिणीकडून व्हिडिओ येतो: दोन ग्लास, त्यांत विजेला जोडलेल्या सळया सोडलेल्या, नळाचं पाणी तपकिरी, आरओचं स्वच्छ. ‘बघ, काय पितोय आपण!!’ तो तपकिरी रंग त्यातल्या लोखंडी सळईचा असतो. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते, सळई झिजते आणि पाण्यात गंज उतरतो. आरओच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकलं की त्याचाही काढा होतो. मी हे तिला लिहिलं. ती म्हणाली, ‘अगं, पण ओळखीच्यांनी पाठवलंय.’